घंगाळ कोणाच्या वाट्याला?

महाराष्ट्रात माणूस मेल्यावर सर्वांत शेवटी कुठून जातो, तर सातबाऱ्यावरून. घरातून तो दोन-तीन तासांत जातो, रेशनकार्डावरून वर्षभरात जातो, मतदारयादीतून एखाददुसरी निवडणूक करून जातो. सातबाऱ्यावरून मात्र नातवंडांचे संसार मार्गी लागेपर्यंत तो हलत नाही. कित्येक गावांत अजून पणजोबाच शेती करतात. पीकपाहणीच्या रकान्यात त्यांनी यंदा सोयाबीन पेरलेलं असतं, आणि हल्ली तर ते मोबाइलच्या ॲपवरून पिकाचा फोटोही पाठवतात. त्यांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. जे कुटुंब १९७२ च्या दुष्काळातच पाच चुलींवर गेलं, त्याचं मॅनेजरपद ते वरून सांभाळतात. खाली कुठेतरी ‘अ.पा.क.’ दिसतं. मुलगा अज्ञान, पालनकर्ती आई. तो अज्ञान मुलगा आता कवळी लावतो, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, पण कागदावर तो अजून आईच्या पदराआड आहे.

२०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला घेतली. सरकारला मोहीम काढावी लागली, यातच सगळं आलं.

हे आळसामुळे होतं असं शहरातल्या माणसाला वाटेल. आळस नव्हे, धास्ती. वारस नोंद करून घेऊ या, असं घरात जो पहिल्यांदा म्हणतो तो संपला. “दिवस तरी होऊ द्या रे बापाचे,” असं आत्या म्हणते आणि डोळ्याला पदर लावते. त्या पदराआडून ती बाकीच्या भावांकडे बघून घेते. वास्तविक वारस नोंदीने कोणाचा एक गुंठा वाढत नाही की कमी होत नाही. मेलेल्या एका नावाच्या जागी जिवंत सात नावं येतात, इतकंच. पण नोंद म्हटलं की घरातल्यांना वाटणी ऐकू येते. म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत थांबतात. त्या थांबण्यात आणखी दोघं जातात, सात नावांची सतरा होतात, त्यातला एक सुरतेला असतो, एक न्यू जर्सीला, आणि एकाचा पत्ता फक्त एलआयसीच्या एजंटाला माहीत असतो.

या प्रकाराला आपला जुना कायदाही थोडा जबाबदार आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क असतो, असं सांगून ठेवलं. म्हणजे बाप जाईपर्यंत थांबायचं कारण नाही. पोर मुठी आवळून जन्माला येतं ते उगाच नाही, त्याच्या एका मुठीत हिस्सा असतो. पुढे इंग्रजांची कोर्टं आली, त्यांनी मिताक्षरा प्रमाण मानली, आणि आवळलेल्या मुठींना वकील मिळाला.

“कोर्टात बघून घेईन” हे वाक्य मराठी अंगणात जितक्या वेळा उच्चारलं गेलं असेल तितक्या वेळा ‘शुभं करोति’ही म्हटलं गेलं नसेल. म्हणणाऱ्याच्या डोळ्यापुढे एक चित्र असतं. न्यायाधीश चष्मा काढून धाकट्या भावाकडे रोखून बघतात, धाकटा मान खाली घालतो, आणि विहिरीकडचा तुकडा सन्मानाने थोरल्याला मिळतो. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. आधी दावा दाखल होतो. मग समन्स. समन्स घ्यायला एक भाऊ घरी नसतो. तो मागच्या दाराने रानात गेलेला असतो. मग कैफियत, मग मुद्दे, मग साक्षी. मध्येच एखादा पक्षकार देवाघरी जातो. त्याचे वारस नव्वद दिवसांत रेकॉर्डवर आणायचे असतात. ते आणेपर्यंत दुसरा जातो. असं करत करत एक दिवस निकाल लागतो. पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी वकील समजावून सांगतात की हा प्राथमिक हुकूमनामा. यात कोणाचा हिस्सा किती ते ठरलं, एक-तृतीयांश, एक-षष्ठांश वगैरे. म्हणजे जे चौथीतल्या पोराने पाटीवर करून दाखवलं असतं ते. कोणता तुकडा कोणाला, ते अजून व्हायचंय.

आणि खरी मौज इथून पुढे आहे. सरकारला शेतसारा भरणारी जमीन असेल तर ती प्रत्यक्ष वाटून देण्याचं काम न्यायाधीश स्वतः करत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रकरण जातं जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून उतरत उतरत तहसीलदाराकडे, आणि तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेखवाल्यांकडे. आता दुसरी वाट बघा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिचं कलम ८५. सगळ्या सहधारकांची संमती असेल तर तहसीलदाराकडे अर्ज करायचा, त्यांच्यापुढे जबाब द्यायचे, ते वाटप करून देतात. तेच तहसीलदार कार्यालय, तीच मोजणी, तोच तलाठी. त्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, एवढाच फरक. ज्या दारात भाऊ-भाऊ एका रिक्षात बसून गेले असते, त्याच दारात ते वीस-पंचवीस वर्षांनी वेगवेगळ्या गाड्यांनी, वेगवेगळ्या वकिलांबरोबर पोचतात. मधल्या काळात शेतातल्या एका एकराची किंमत कोर्टाच्या कँटीनच्या चहात गेलेली असते.

तरी वीस-पंचवीस वर्षं म्हणजे काहीच नाही. गिनेस बुकात जगातला सर्वांत लांबलेला दावा म्हणून पुण्याच्या एका दाव्याची नोंद होती. मालोजी थोरातांनी १२०५ मध्ये लावलेला दावा बाळासाहेब पाटलोजी थोरातांनी २८ एप्रिल १९६६ रोजी जिंकला. ७६१ वर्षं. १२०५ मध्ये इथे देवगिरीच्या यादवांचं राज्य होतं, तेव्हा वकीलपत्र कोणत्या मुद्रांकावर केलं असेल, असा संशय कोणाला आला तर मी त्याला अडवणार नाही. पण दावा कशाचा होता ते बघा. जमिनीचा नाही, सोन्याचा नाही. सार्वजनिक समारंभात अध्यक्षपद कोणी घ्यायचं आणि उत्सवात आधीचा मान कोणाचा, याचा. गिनेसवाल्यांनी तो लांबी पाहून नोंदवला, आपण तो विषय पाहून ओळखायला हवा.

मानाची ही भूक थोराघरीही चुकली नाही. शहाजीराजांच्या पश्चात कर्नाटकातल्या जहागिरीवरून शिवाजी महाराज आणि तंजावरचे व्यंकोजीराजे यांच्यात तेढ आली. १६७७ मध्ये महाराज दक्षिणेत गेले, सावत्रभावाला भेटीला बोलावलं, वडिलांच्या मिळकतीतला अर्धा वाटा मागितला. आठवडाभर पाहुणचार, बोलणी, आग्रह. आणि एका रात्री व्यंकोजीराजे छावणीतून गुपचूप निघून गेले. वाटणीच्या बैठकीतून ‘जरा आलोच’ म्हणून उठून गेलेला भाऊ पुढे महिनोन्महिने सापडत नाही, ही परंपरा केवढी जुनी आहे पाहा. पुढे सैन्यं भिडली. शेवटी मिटलं ते व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंनी नवऱ्याला चार शब्द सुनावले तेव्हा. तहाची कलमं झाली, आणि महाराजांनी बेंगळूर व आसपासचा मुलूख या भावजयीला चोळीबांगडीसाठी लावून दिला. बखरकारांचं ऐकायचं तर मध्यस्थ होते रघुनाथपंत हणमंते, आणि मुळात वाट्याचा विषय महाराजांच्या कानावर घालणारेही तेच. ज्याने लावली त्यानेच विझवली. असा एक काका आजही प्रत्येक घरात असतो, फक्त त्याचं दुसरं काम पहिल्याइतकं नीट होत नाही.

पुढे शाहूमहाराज आणि कोल्हापूरचे संभाजी, हे दोघं चुलतभाऊ. १७३१ च्या वारणेच्या तहाने त्यांनी राज्यच वाटून घेतलं. उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर, मध्ये वारणा. ते टिकलं याचं श्रेय मी तरी नदीला देतो. सामान्य भावांच्या मध्ये नदी नसते, बांध असतो. आणि बांध हा दर नांगरणीला वीतभर सरकतो. कोणी कोरला विचारलं तर पावसाने.

वतनाच्या भांडणांसाठी तेव्हा गोतसभा बसे. गावचे पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार अशी सगळी मंडळी साक्षी ऐकून महजर करून देत. तरीही वादी-प्रतिवादी हटले तर दिव्य. तापल्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, हाताला पिशवी बांधून तिला शिक्का करायचा आणि तिसऱ्या दिवशी पंचांसमोर पिशवी सोडून हात बघायचा. पद्धत क्रूर होती, यात वाद नाही. पण मला कधी कधी वाटतं, निकाल तिसऱ्या दिवशी लागे, ही गोष्ट आजच्या पक्षकारांना सांगितली तर निम्मे जण बाह्या सरसावतील.

आता घरच्या बैठकीकडे वळतो.

वाटणीला बसणे ही एक स्वतंत्र कला आहे आणि तिचे काही संकेत आहेत. बैठक ओटीवर किंवा माजघरात होते. पुरुष सतरंजीवर, बायका आत स्वयंपाकघरात. चहा सतत येत राहतो, कारण चहा घेऊन येणारी आत जाऊन वृत्तांत देते. पंच म्हणून मामा. आईचा भाऊ म्हणजे सगळ्या भाच्यांना सारखा, असं धरलेलं असतं, आणि तो कोणाकडे मुक्कामाला उतरलाय यावरून ते लगेच मोडतं. शिवाय एक निवृत्त मास्तर, ज्यांना भूमिती येते, आणि एक जावई, जो वकील असतो किंवा वकिलासारखा बोलतो. २००७ च्या स्वातंत्र्यदिनापासून, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून तंटामुक्ती समितीचे अध्यक्षही बोलावतात. समितीत गावातल्या भांडणांचा दांडगा अनुभव असलेली माणसं असावीत ही अपेक्षा बहुतेक ठिकाणी पुरी झाली.

पहिलं वाक्य ठरलेलं. “मला काहीच नको.” हे थोरला म्हणतो. धाकटा म्हणतो, “मला तर मुळीच नको.” मधला म्हणतो, “मी तर बोलायलाच आलो नाही.” यानंतर ‘पण’ येतो आणि बैठक सुरू होते. “पण आबांनी मला शब्द दिला होता.” आबांनी सगळ्यांनाच शब्द दिलेले असतात, एकेकट्याला, गोठ्यात, साक्षीला फक्त म्हैस. आबा हयात असते तर त्यांनी नुसती मिशी चोळली असती.

जमिनीचं जमतं. लोकांना खरं वाटत नाही, पण जमिनीचं जमतंच. तिच्यासाठी जुन्यांनी एक तोड काढून ठेवलीय, आणि तिच्यापुढे मी कुठल्याही संहितेचं कलम ठेवणार नाही. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचं. एवढंच. जो थोरला वर्षानुवर्षं सांगत आला की विहिरीकडचा तुकडा म्हणजे निव्वळ मुरूम, तो आता विहिरीचा तुकडा कोणत्याच वाट्यात एकटा टाकू शकत नाही. टाकला आणि धाकट्याने उचलला तर? तो रात्रभर जागून असे वाटे पाडतो की सोनाराने तोंडात बोट घालावं. तरी एकमत होत नसेल तर चिठ्ठ्या. तांब्यात चिठ्ठ्या टाकून घरातल्या सर्वांत लहान पोराला उचलायला लावतात. ते पोर थोरल्याचं असेल तर त्याने तांब्यात आधी डोकावून पाहिलं, असा आरोप होतो. त्याला अजून वाचता येत नसतं, पण आरोप होतो.

पाण्याचं जरा अवघड. विहीर सामाईक, मोटर सामाईक. सोम-मंगळ-बुध थोरल्याची पाळी, गुरू-शुक्र-शनि धाकट्याची, रविवार बैलांना आणि देवाला. कागदावर हे सुरेख दिसतं. मग शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येऊ लागते आणि बुधवार नेमका कधी संपतो, रात्री बाराला की पहाटे कोंबडं आरवल्यावर, यावर पुढची बैठक बसते.

मात्र बैठक फुटते ती कशावर, तर घंगाळावर. पितळी, दोन कड्यांचं, आजीच्या लग्नातलं. त्यात आता कोणी अंघोळ करत नाही. तिन्ही घरांत गीझर आहेत. ते माळ्यावर उलटं पडलेलं असतं आणि त्याखाली मांजर वितं. भंगारात त्याचे जे येतील ते येतील. पण पाच एकरांवर हसतमुखाने पाणी सोडलेला माणूस घंगाळाचं नाव निघताच उठून उभा राहतो. कारण आजी त्यात त्याला अंघोळ घालायची, आणि दुसऱ्या कोणाला घातली असेल हे त्याला मान्यच नाही. घंगाळाखालोखाल मग देवघरातला रांगता बाळकृष्ण, पाटा-वरवंटा, आजोबांची आरामखुर्ची. कोकणात गणपती. मोठ्या घरात बसतो तोच खरा गणपती, मग पाळी लावतात, आणि पाळी नसलेल्या वर्षी मुंबईहून न आलेल्या भावाच्या रजेचं कारण सगळ्या वाडीला पाठ असतं.

कोर्टाला हे कळत नाही असं नाही. कोर्टाला यात काही करता येत नाही, इतकंच. दाव्याच्या मिळकतीच्या वर्णनात गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा लिहायला जागा असते. आजी कोणाला जास्त अंघोळ घालायची, याला रकाना नाही. म्हणून लोक घंगाळाचा राग गट नंबरवर काढतात. ज्या घरांचे दावे पिढ्यान् पिढ्या चालले, त्यांच्या तळाशी जाऊन पाहिलं तर कुठेतरी एक घंगाळ, एखादं न दिलेलं आमंत्रण, लग्नपत्रिकेत राहून गेलेलं नाव हमखास सापडतं. माझं तर स्पष्ट मत आहे की बैठकीत पहिल्या दिवशी फक्त भांडी काढावीत. शेत कुठे पळून जात नाही.

जिल्हा न्यायालयांच्या आवारात हल्ली मध्यस्थी केंद्रं असतात. तिथला मध्यस्थ नेमकं हेच करतो. आधी दोघांना एकत्र बसवतो, मग एकेकाला वेगळं घेऊन बोलतो, आणि तिथे बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. एकेकाला वेगळं घेऊन बोलण्याची पद्धत आमच्या काकूही वर्षानुवर्षं राबवत आल्यात. फक्त त्यांच्याकडे सांगितलेलं संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीत पोचतं. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात मध्यस्थीला १२० दिवसांची मुदत आहे, फार तर आणखी ६०. दावा आधीच कोर्टात असेल तर लोकअदालत आहे. तिथे तडजोड झाली की निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. सरकारी तिजोरीतून पैसे परत मिळण्याचे प्रसंग आयुष्यात मोजके येतात. निदान त्यासाठी तरी लोकांनी भावाशी बोलावं.

शहरातल्या वाचकांनी खूश व्हायचं कारण नाही. तुमच्याकडे बांध नाही, पण नॉमिनी आहे. “बाबांनी मला नॉमिनी केलंय” असं सांगत डोंबिवलीचा फ्लॅट आपलाच झाला असं समजणारा एक भाऊ दर सोसायटीत असतो. नॉमिनी हा मालक नसतो, तो इतर वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, हे त्याला सेक्रेटरीही सांगत नाहीत, कारण सेक्रेटरीही कुठेतरी नॉमिनीच असतात. वीस वर्षं त्या फ्लॅटच्या गळक्या छपराकडे कोणी फिरकलेलं नसतं. रीडेव्हलपमेंटचा फलक लागतो आणि न्यू जर्सीच्या भावाला एकाएकी बालपण आठवतं. मग व्हिडिओ कॉलवर बैठक. इथे सकाळ, तिथे रात्र. तो कॅमेरा बंद ठेवतो आणि आपल्याला फक्त त्याचं आद्याक्षर दिसतं. आद्याक्षराशी भांडताना माणसाची फार दमणूक होते.

घंगाळाहूनही अवघड एक वाटणी असते. तिचा उल्लेख कुठल्याच वाटणीपत्रात नसतो. आईची. ‘एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे’ असं ठरतं तेव्हा सगळे माना डोलावतात. मग कोणीतरी कॅलेंडर बघतो. जुलै एकतीसचा, ऑगस्टही एकतीसचा. आणि फेब्रुवारी? सुना हे हिशेब तोंडाने करत नाहीत, डोळ्यांनी करतात. आई मात्र सगळं बघत असते. ती बॅग भरून बसते आणि म्हणते, “मला कुठेही चालेल रे, फक्त अधिक महिना आला की आधी ठरवा.” यावर कोणी हसत नाही. मलाही इथे फारसं हसू येत नाही, म्हणून पुढे जातो.

पुढे बहीण आहे.

आतापर्यंतच्या बैठकीत ती कुठे होती, असं तुमच्यापैकी किती जणांच्या मनात आलं? चहाच्या ट्रेबरोबर आली होती. “आमचं सगळं आपसात मिटलं” असं जेव्हा भाऊ अभिमानाने सांगतात, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की बहिणीने सही केली. तिला माहेरी जेवायला बोलावतात. पुरणपोळी होते. वहिनी कधी नव्हे ती ‘ताई, अजून एक’ म्हणते. हात धुतल्यावर दादा म्हणतो, “तुझी तेवढी एक सही लागेल, ऑफिसात जाऊन येऊ.” दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो निघतो, अंगठा उमटतो, हक्कसोडपत्र नोंदलं जातं. बापाच्या शेतातला हिस्सा भावाला सोडताना मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. येताना साडी. साडीची किंमत मुद्रांकापेक्षा जास्त असते, हे दादा दोन-तीनदा सुचवतो.

कायदा काय म्हणतो हे दादाला ठाऊक नसतं असं नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच, देशाच्या आधी, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा वाटा दिला, तोही फक्त तोवर लग्न न झालेल्यांना. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सगळ्याच मुलींना मिळाला. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं की हा हक्क जन्माचा आहे, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे विज्ञानेश्वरांच्या त्या आवळलेल्या मुठीत पोरीचाही वाटा आहे, हे कळायला आपल्याला नऊशे वर्षं लागली. दादाला ते अजून कळायचंय. तो वेगळा हिशेब मांडतो. “तुझ्या लग्नात आबांनी अकरा तोळे घातले.” ते अकरा तोळे आजच्या भावाने मोजतात आणि जमीन आजोबांच्या भावाने. या गणितात बहीणच भावांना देणं लागते.

कोणी म्हणेल, तिने मनापासून सोडला असेल तर? सोडू दे की. खुशाल सोडू दे, तिचा आहे म्हणूनच ती सोडू शकते. पण आधी तिला सतरंजीवर बसवा, सातबारा तिच्या हातात द्या, तिचा हिस्सा किती होतो ते मामांनी मोठ्याने वाचून दाखवू दे, आणि मग विचारा. पुरणपोळीच्या आधी. भरल्या पोटी दिलेल्या संमतीवर माझा विश्वास नाही. अशा सहीवर मिटलेलं भांडण मिटलेलं नसतं. ते भाचा कायद्याच्या पदवीला बसेपर्यंत थांबलेलं असतं.

आता राहिला कागद. तोंडी मिटवणारे लोक कागद करायला लाजतात. ‘भावाभावांत कसला कागद?’ भावाभावांतच कागद लागतो, परक्याशी आपण बोलतच नाही. घरगुती व्यवस्थेकडे न्यायालयं प्रेमाने बघतात. १९७६ च्या काळे खटल्यात, यातला काळे हा उत्तरेकडचा एक नातू आणि समोर त्याच्या दोन मावश्या, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रामाणिकपणे, राजीखुशीने केलेली कौटुंबिक तडजोड तोंडी असली तरी चालते आणि आधी झालेल्या तोंडी तडजोडीची नुसती आठवण म्हणून लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही. हे वाचून उड्या मारू नका. आपण नेमकं काय लिहिलंय, आठवण की वाटणीपत्र, यावरच मग वीस वर्षं वाद चालतो. सरळ वाटणीपत्र करून नोंदवून घ्यावं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फीसुद्धा सरकारने २०२५ मध्ये माफ केली आहे, त्यामुळे फीचं निमित्त आता उरलेलं नाही. मग फेरफार. फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातात पडेपर्यंत वाटणी झाली असं कोणाला सांगू नका.

आणि ज्यांच्या बापजाद्यांनी तोंडी वाटण्या केल्या, माझ्या नावची जमीन तो कसतो, त्याच्या नावची मी कसतो, दोघांनाही माहीत आणि दोघंही गप्प, अशांसाठी सरकारने २०२३ मध्ये एक योजना आणली. बारा वर्षं असा उलटा ताबा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फी. योजनेचं नाव सलोखा. दोन हजारांत सलोखा म्हणजे स्वस्तच आहे. एका तारखेला वकील, एसटी आणि मिसळ धरून तेवढे कधी जातात ते कळतही नाही.

तेव्हा दिवाळीनंतर बसणार असाल तर भांडी पहिल्या दिवशी, शेत दुसऱ्या दिवशी, आणि आईला कॅलेंडर न दाखवता विचारा. बैठकीची तारीख ठरवण्याआधी फोन बहिणीला करा. तिला शनिवारी सुट्टी नसेल, तर रविवारी बसा.